वाक्यपृथक्करण

मारिबोरच्या पाणीपुरवठा कचेरीत
दिवसभर मी मीटरांचे आकडे जुळवते.
रात्री याकोव झोपला की
स्वयंपाकघरातलं टेबल पुसून
कुणा परक्याचं गाठोडं सोडून बसते.

गाठोड्यात बावीस फायली.
डेटाबेसला विचारलेला प्रश्न
शब्द-शब्द सुटा करणारा संच.
तो उत्तर देत नाही.
प्रश्न बरोबर की चूक, तेही बघत नाही.
काय हवं, कशातून, कुठल्या अटीवर,
कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी एक,
सगळं उकलून मांडतो
आणि बाजूला होतो.
ह्रिबर्निक बाई फळ्यावर वाक्य फोडायच्या, तसं.
फक्त बाई चुकलेल्या वाक्यावर हसायच्या.

आमच्या मुक्त प्रणालीत हे नीट बांधून द्यायचं,
कुणीही, कुठेही, एका आज्ञेत उतरवून घ्यावं म्हणून.
बांधणं सोपं आहे.
नियम मात्र पोतंभर.

उदाहरणार्थ, आत तारीख नको.
आज बांधा, पुढच्या हिवाळ्यात बांधा,
माझ्या टेबलावर किंवा कुणाच्या तळघरात,
बाइट न बाइट तोच निघाला पाहिजे.
कुणीतरी हौसेने वेळ कोरून ठेवली होती:
रात्रीचे दोन वाजून अकरा मिनिटं.
मी ती पुसली.
पुसताना घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन.

आणि दुसरा नियम: प्रत्येक फायलीला धनी हवा.
वीस फायलींना होता.
कंसातले कंस सोडवणाऱ्या दोन फायली,
सगळ्यात सुंदर त्याच,
त्यांवर ना नाव, ना परवाना.
जुन्या नोंदी उकरल्या तेव्हा
उरुग्वेतल्या एका इस्पितळाचा पत्ता हाती लागला.
लिहिलं.
पाच आठवडे द्रावा नदीच्या कडेला बर्फ साचला, वितळला.

उत्तर बायकोचं आलं.
«वॉल्मार दोन वर्षांपूर्वी गेला.
पाय्सांदूला रात्रपाळीत औषधांचा हिशेब ठेवायचा,
तेव्हा लिहीत असेल काही. मला त्यातलं कळत नाही.
तुम्हाला हवं ते करा.»

हवं ते करा, हा परवाना नव्हे.

हे कसं सांगायचं एखादीला?
चार रात्री लिहिलं नि खोडलं.
शेवटी पहिल्या ओळीत क्षमा मागितली
आणि दुसऱ्या ओळीत सरळ
कायद्यात बसेल असं एक वाक्य:
कर्ता ठळक, कर्म ठळक,
क्रियापद वर्तमानकाळी,
शंकेला कुठेही फट नाही.
पाठवल्यावर उगाच भांडी घासत बसले,
घासलेलीच.

तिने तिसऱ्या दिवशी धाडलं.
«मी, नीदिया इबान्येस, वॉल्मारची वारस,
या दोन फायली वापरण्याची, बदलण्याची, वाटण्याची
सर्वांना परवानगी देते.»
आणि खाली, वेगळ्या सुरात:
«आडनावातल्या न वर नागमोडी रेघ असते.
ती विसरू नका.
इस्पितळाच्या पगारपत्रकात
ती एकदाही आली नाही.»

मी रेघ दिली.
एका जुन्या अवजाराला ती पचेना,
तिच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं ते.
एका अक्षरासाठी अख्खा शनिवार गेला.
याकोव म्हणाला, आई, पोहायला जायचं होतं ना.
जायचं होतं.

मग रांग.
रांगेत माझ्यापुढे दोनशे गाठोडी,
प्रत्येकामागे असंच कुणीतरी जागं,
बहुधा.
एका मंगळवारी नुसतंच पुढे सरकलं,
कुणी टाळ्या वाजवत नाही यात.

कचेरीच्या संगणकावर उतरवून पाहिलं.
तेझ्नो भागातल्या थकलेल्या बिलांचा
माझाच एक गुंतागुंतीचा प्रश्न त्याला दिला.
तिसऱ्या कंसाशी तो अडखळला नाही.
कागदपत्रांच्या कप्प्यात जाऊन
हक्कांची फाइल उघडली, खाली खाली गेले.
इबान्येस.
रेघ जागेवर होती.

फाइल मिटली.
चाळीस मीटर अजून जुळायचे होते.